हळकुंडाचा धूर

टाकीकाकांच्या थापा लोकांना खऱ्या वाटत आणि त्यांचं खरं मात्र कुणाच्याच गळी उतरत नसे. यात काकांचा दोष नव्हता. दोष होता तो समुद्राचा. त्यानं जे जे करून ठेवलंय, ते सरळ सांगितलं तरी ऐकणारा म्हणतो, काका, आता बास.

समुद्रजीव केंद्राच्या तळमजल्यावर चौदा काचेच्या टाक्या होत्या. त्यांचे नळ, गाळण्या आणि धक्क्यावरून खारं पाणी खेचणारा पंप, हे सगळं छत्तीस वर्षं काकांच्या हाताखाली. निवृत्ती कधीच झाली होती, पण पंप दुसऱ्या कुणाला जुमानत नव्हता. नव्या माणसानं नुसता हात लावला तरी तो दोन उचक्या द्यायचा आणि गप्प बसायचा. म्हणून केंद्रानं पंपघरामागच्या दोन खोल्या काकांकडेच राहू दिल्या, आणि काकांनीही पंप एकदम सुधारणार नाही याची काळजी घेतली.

बघायला येणाऱ्यांना काका टाक्या दाखवत. चौथ्या टाकीतला म्हातारा मासा डावखुरा आहे, असं त्यांनी एकदा सांगितलं. एका शिक्षिकेनं ते वहीत टिपून घेतलं. खेकडे पौर्णिमेला सरळ चालतात, फक्त कुणी बघत असलं की लाजतात, हे तर इतकं पसरलं की दोघे जण पौर्णिमा बघून परत आले होते. त्यांना काहीच दिसलं नाही, म्हणजे काकांचं खरंच ठरलं.

पण नवव्या टाकीपाशी गाडं अडायचं. नवव्या टाकीत एक पिवळा गोळा होता. दोन मुठी एकीला एक चिकटवाव्यात एवढा, अंगानं खडबडीत, डोक्यावर एक भोक.

“हा प्राणी आहे,” काका म्हणायचे. “स्पंज. याला तोंड नाही, पोट नाही, काळीज नाही, डोकं नाही.”

“म्हणजे आमच्या साहेबांसारखाच की!” कुणीतरी म्हणायचं आणि हशा व्हायचा.

काका नेटानं पुढे जायचे. याच्या अंगभर बारीक छिद्रं आहेत. आत बोळच बोळ. बोळांच्या कडेनं खोल्या. खोल्यांच्या भिंतींवर पेशी बसल्यात, प्रत्येकीला ताठ कॉलर आणि कॉलरच्या मधोमध एक चाबूक. लाखो चाबूक फिरतात, पाणी छिद्रांतून आत येतं, त्यातला बारीकसा जीव कॉलरच्या जाळीत अडकतो, तेच जेवण. उरलेलं पाणी डोक्यावरच्या भोकातून बाहेर. दिवसभरात ही सबंध टाकी हा कितीतरी वेळा गाळून काढतो. हाडं? आहेत ना, काचेची. सुया असतात तशी. आणि शिंकतोसुद्धा, फक्त एक शिंक पुरी व्हायला अर्धा तास लागतो.

“काका, डावखुरा मासा ठीक होता,” लोक म्हणायचे, “पण हे फारच झालं.”

काकांचं खरं कुठलं आणि थाप कुठली, हे न विचारता ओळखणारं एकच माणूस होतं, ते चार वर्षांपूर्वी गेलं. काकू याच केंद्रात काचपट्ट्या बनवायच्या. कुठलाही जीव पापुद्र्याएवढा पातळ कापायचा, काचेवर बसवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचा. काका थाप मारू लागले की त्या मान वर न करता डावी भुवई तेवढी उचलत. काका खरं बोलत असले की भुवई जागच्या जागी. पाहुण्यांना ती खूण कळली असती तर काकांचा धंदाच बसला असता.

तो गोळाही काकूंनीच आणलेला. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. धक्क्याखालच्या खांबावरून, पाण्यातल्या पाण्यात बरणीत घेऊन. तेव्हा तो करंगळीएवढा होता, रंगानं आणि आकारानं थेट हळकुंड. तेच नाव पडलं. काकू काकांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवून आतले चाबूक दाखवत आणि म्हणत, “बघा, वल्हेकरी लाखभर आणि नावाडी एकही नाही. तरी होडी चाललीय. आपलं दोघांचं बघा, वल्हेकरी दोन आणि नावाडीही दोन.”

त्यांनी दोन गोष्टी शिकवल्या. एक, हळकुंडाला कधीही हवेत काढायचं नाही. टाकी धुवायची असली तर बादली पाण्यात बुडवायची, त्याला बसल्या दगडासकट बादलीत घ्यायचं आणि बादली उचलायची. बाहेर काढलं की बोळांतलं पाणी गळतं, तिथं हवा शिरते, आणि ती हवा परत निघत नाही. पाणी फिरायचं थांबतं, की संपलं. दुसरी गोष्ट, रंग. पोपटी रंगाचा एक थेंब काचनळीनं त्याच्या कुशीशी सोडायचा आणि गप्प बसायचं. थोड्या वेळानं तो रंग वरच्या भोकातून बारीक धुरासारखा उठतो. म्हणजे घरात माणूस आहे, चूल पेटलीय.

काकू गेल्यावर काका रोज पाच वाजता, शेवटचा पाहुणा गेल्यावर, नवव्या टाकीपुढे स्टूल ओढायचे आणि थेंब सोडायचे. धूर निघाला की म्हणायचे, “चला. आजचं झालं.” मग खोलीत जाऊन एका माणसाचं जेवण दोन माणसांच्या पातेल्यात शिजवायचे, कारण लहान पातेलं विकत घ्यायला त्यांना कधी जमलं नव्हतं.

त्या वर्षी धाकटी बहीण आठवडाभर राहायला आली. साठी उलटलेली, अंगानं भरभक्कम, स्वतःचं शिवणकामाचं दुकान एकटीनं चालवणारी. पण दादासाठी ती चिमणीच. तिचा नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती. तिचं गाव समुद्रापासून चौदा तासांवर, कोरडं ठणठणीत. इथली खारी हवा लागली की तिला दम लागायचा. आल्या दिवसापासून तिची छाती बाजाच्या पेटीसारखी वाजत होती.

“दादा, मी सरळ बोलते,” दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतताना ती म्हणाली. “तू माझ्याकडे राहायला ये. वरची खोली रिकामी आहे. मशीनचा आवाज येतो, पण तुला पंपाची सवय आहेच.”

“आणि हळकुंडाला काय सांगू?”

“काय सांगू म्हणजे? केंद्राचं आहे ते, केंद्र बघेल.”

“केंद्राला ते दगड वाटतं.”

“मलाही दगडच वाटतं! लहानपणी तू मला सांगितलं होतंस, बटण पेरलं की सदरा उगवतो. मी बाबांच्या कोटाची सगळी बटणं पुरली आणि मार खाल्ला. आता या वयात पिवळा दगड श्वास घेतो म्हणतोस.”

“श्वास नाही गं, पाणी...”

“तेच ते. वहिनी गेल्यापासून तू त्या टाकीशी बोलतोस. तुमच्या त्या तिकीटवाल्या बाई कालच मला विचारत होत्या, काकांचं बरं आहे ना म्हणून. हसत होत्या रे. मला नाही बघवलं.”

हे मात्र लागलं. बायकोवरून कुणी हसलं असतं तर काकांनी त्याला थापांनी गुंडाळून समुद्रात सोडलं असतं. पण चिमणी हसत नव्हती. ती काळजीनं बोलत होती.

“चल,” ते म्हणाले. “धूर दाखवतो.”

घोडचूक ती इथंच झाली. रोजची वेळ पाचाची. ही वेळ सकाळची, आणि तासाभरापूर्वीच पंपाची गाळणी साफ केल्यामुळे टाकीत गाळ उठला होता. गाळ आला की स्पंज आपली छिद्रं मिटून घेतो. शहाणं माणूस धुळीत खिडक्या लावतं तसंच. काकांना हे पाठ होतं. पण राग आला की पाठांतर जातं.

त्यांनी थेंब सोडला. दोघं वाकून बसली. रंग हळकुंडाच्या कुशीशी जरासा रेंगाळला आणि खाली विरून गेला. वर काही नाही. दुसरा थेंब. काही नाही.

“दादा,” चिमणी हळूच म्हणाली, “राहू दे.”

ती “हात्तिच्या” म्हणाली असती, तर काका हसले असते. “राहू दे” त्यांना सोसलं नाही. त्यांनी बाही न सारताच हात टाकीत घातला, दगडासकट हळकुंड उचललं आणि तिच्या नाकासमोर धरलं.

“ही बघ छिद्रं! हे बघ वरचं भोक! दगडाला असतं असं? असतं?”

हळकुंडाच्या अंगातून पाणी गळलं. धार नव्हती ती, पिळलेल्या फडक्यातून गळतं तसं सगळीकडून, शांतपणे. ते काकांच्या मनगटावरून बाहीत उतरलं. आणि मग त्यांना कळलं, आपल्या हातात काय आहे आणि ते कुठं आहे. तेहतीस वर्षांत जे एकदाही केलं नव्हतं ते करून झालं होतं. त्यांनी ते परत पाण्यात ठेवलं. वरच्या भोकातून दोन बुडबुडे आले आणि बंद झाले.

“काय झालं?” चिमणीनं विचारलं. “चार सेकंद तर बाहेर होतं.”

“काही नाही,” काका म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी पाण्याखाली त्याला हजार बाजूंनी कलतं करून पाहिलं, तान्ह्याला ढेकर काढायला धरतात तसं. तीन बुडबुडे निघाले. संध्याकाळी पाच वाजता धूर उठला, पण एकाच बाजूनं, वाकडा. दुसऱ्या दिवशी धूर नाही. तिसऱ्या दिवशी डाव्या अंगावर पांढरा डाग पडला आणि त्याच्या कडा शेवाळल्यासारख्या झाल्या. टाकीला किंचित वास येऊ लागला.

काका पाहुण्यांना टाक्या दाखवत राहिले, पण नुसत्या. हा मासा, हा खेकडा, पुढे चला. एका बाईंनी विचारलं, “तो डावखुरा मासा कुठला हो?” काका म्हणाले, “मासे डावखुरे नसतात.” तिकीटवाल्या बाईंनी खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं.

त्या दिवशी चिमणीनं ताट वाढलं. काकांनी ते सरकवलं.

“दादा,” ती म्हणाली, “एक तरी थाप मार रे.”

 काकांनी तिला घडलं ते सांगितलं. हवा कशी शिरली, बोळ कसे तुंबले, चाबूक थांबले की आतल्या आत काय होतं. कुठंही मीठमसाला नाही. चिमणी ऐकत राहिली, आणि साठ वर्षांत पहिल्यांदा तिला दादाचा शब्दन्‌शब्द पटला. कारण त्याला स्वतःला त्यात काहीच मजा येत नव्हती.

“माझ्यामुळे झालं,” ती म्हणाली.

“माझ्या हातानं झालं.”

“आता काहीच नाही का करता येत?”

काका उठले. त्यांनी काकूंचा लाकडी डबा काढला. ब्रश, चिमटे, काचनळ्या, आणि घडी घातलेला चौकोनी रेशमी तुकडा. चिमणीनं तो उचलून उजेडासमोर धरला आणि क्षणभर ती आपला दम विसरली.

“हे चाळणीचं कापड आहे. केवढी बारीक वीण! यात मैदाही अडेल.”

“तिनं एकदा करून दाखवलं होतं,” काका म्हणाले. “स्पंजाचा जिवंत तुकडा घ्यायचा आणि या कापडातून पाण्यात पिळायचा. पार गाळ होतो. पेशी न पेशी सुटी. आणि त्या सुट्या पेशी तळाशी बसून सरपटत एकमेकींना शोधतात. चिकटतात. त्यांच्यात काही बहुरूपी असतात, हवं ते सोंग घेतात. कुणी भिंत होतं, कुणी चाबूक घेऊन बसतं. परत घर उभं राहतं.”

चिमणीनं सवयीनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग कापडाकडे.

“मग करत का नाहीस?”

“आधी कापावं लागतं. उरलंसुरलं जिवंत आहे ते. जमलं नाही तर तेही माझ्याच हातानं गेलं. आणि हा हात,” काकांनी तो टेबलावर ठेवला. बोटं पाना धरून जाड झालेली. “हा पंपाचा हात आहे. तिचा वेगळा होता.”

चिमणीनं पिशवीतून आपली कात्री काढली. ती प्रवासातही कात्री बाळगायची. तिच्या मते कात्रीशिवाय घराबाहेर पडणं म्हणजे चप्पल न घालता पडणं.

“चाळीस वर्षं झाली, जुने कपडे उलटवून नवे करतेय,” ती म्हणाली. “विरलेलं कुठं संपतं आणि धड कुठं सुरू होतं, ते मला बोटाला कळतं. कात्री तुझ्या पाण्यात चालेल ना?”

“उकळून घे.”

मग हळकुंड रुंद परातीत आलं, अर्थात पाण्यातल्या पाण्यात. चिमणीनं डोळे मिटून बोट फिरवलं. पांढऱ्याच्या पलीकडे एक बोट, दोन बोटं. “इथून,” ती म्हणाली, आणि कापलं. कात्री काचेच्या सुयांवरून करकरली. धड भाग सुपारीएवढाच निघाला. बाकीचं काकांनी झाकून बाजूला ठेवलं, तिकडे पाहिलं नाही.

सुपारीएवढा तुकडा रेशमात ठेवून तिनं पुरचुंडी बांधली, स्वच्छ समुद्राच्या पाण्यात बुडवली आणि पिळली. पाण्यात पिवळा ढग उतरला. तिनं पुन्हा पिळलं. पुरचुंडीत शेवटी उरला तो चोथा आणि सुया. पाच उथळ काचपात्रांत ते पाणी वाटलं, प्रत्येकात एकेक काचपट्टी ठेवली. हळकुंड नावाचं आता जगात काही नव्हतं. पाच बश्या गढूळ पाणी होतं.

“माझ्या बोटांना खाज सुटलीय,” चिमणी म्हणाली.

“काच घुसलीय. मी म्हणालो होतो, हाडं काचेची असतात.”

“म्हणाला होतास,” तिनं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी ढग खाली बसला. काकांनी काकूंच्या सूक्ष्मदर्शकाखाली एक पात्र सरकवलं, पाहिलं आणि उठून चिमणीला जागा दिली. तिनं एक डोळा लावला. आधी तिला फक्त कणी दिसली, सांडलेल्या रव्यासारखी. ती बघत राहिली. डोळ्याला पाणी आलं, डोळा बदलला, पुन्हा बघत राहिली.

“दादा,” ती शेवटी म्हणाली, “हे सरकतायत रे.”

“हो.”

“यांना डोळे नाहीत ना?”

“काहीच नाही.”

“मग एकमेकांना सापडतात कसे?”

“ते तिलाही माहीत नव्हतं,” काका म्हणाले.

चिमणीचा जायचा दिवस आला. दुकानात गिऱ्हाइकांचे कपडे अडले होते, आणि इथं राहून तिला दोन वाक्यंही एका दमात बोलता येईनात. तोवर दोन पात्रांचा वास येऊन ती फेकावी लागली होती. बस लागेपर्यंत दोघं थांब्यावरच्या बाकावर बसली.

“आपलं ठरलं,” ती म्हणाली. “ते गेलं, तर तू माझ्याकडे येशील.”

“येईन.”

“वरची खोली पुसून ठेवते.”

“ठेव.”

“आणि जगलं...” तिनं वाक्य सोडून दिलं. बस आल्यावर खिडकीतून तिनं एवढंच म्हटलं, “पाणी बदलत जा रोज.”

काका रोज पाणी बदलत गेले. तिसरं पात्र गेलं, मग चौथं. पाचव्यातल्या काचपट्टीवर कणी जमून मोहरीएवढा पिवळा ठिपका झाला होता. तो होता तसाच होता. मेलेला ठिपका आणि जिवंत ठिपका यांत फरक काय, हे सांगायला आता भुवई नव्हती. संध्याकाळी पाच वाजता काका नवव्या टाकीपुढे न बसता त्या बशीपुढे बसायचे आणि थेंब सोडायचा धीर न होऊन उठायचे. चिमणी दर रविवारी फोन करायची. “काय म्हणतंय?” “काही नाही.” “खोली पुसलीय मी.” “बरं.” तिकडे मशीन बंद असायचं, कारण बोलताना ती मशीन कधीच चालवत नसे, आणि ते बंद असल्यामुळे तिचं घर किती मोठं आहे, ते काकांना इथवर ऐकू यायचं.

पाचव्या रविवारी काकांनी भिंग लावून पाहिलं. ठिपक्याच्या टोकावर एक अगदी बारीक पारदर्शक नळी उभी होती. त्यांनी काकूंची सगळ्यात बारीक काचनळी घेतली. दुसऱ्या हातानं पहिला हात धरला. रंग सुईच्या टोकाएवढा सोडला. आणि स्टुलावर बसून राहिले.

नळीतून पोपटी धागा वर आला. केसाहूनही बारीक. मध्येच तुटला, परत जुळला, आणि बशीतल्या पाण्यात सरळ चढत गेला.

काका अर्ध्या हळकुंडानं पिवळे झाले असते, पण हे अर्धंही नव्हतं, मोहरीभर होतं. त्यांना वाटलं, कुणालातरी हाक मारावी. रविवार होता, केंद्र बंद होतं. पंप आपला चालू होता.

तेवढ्यात फोन वाजला.

“काय म्हणतंय?” चिमणी म्हणाली.

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. उभ्या आयुष्यात जो माणूस कधी शब्दाला अडला नाही, तो अडला.

“धूर निघाला,” तिकडून ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

“निघाला.”

 तिला आता दम लागत नव्हता, कोरड्या हवेत श्वास मोकळा चालत होता, तरी तो ऐकू येत होता.

“चांगलं झालं,” ती म्हणाली. “मी कापलं होतं ते. धड भाग होता, मला कळलं होतं बोटाला.” मग थोडं थांबून, “दादा, जन्मभर मला थापा मारल्यास. बटणाच्या, सदऱ्याच्या. आज एक मार ना. एकच. मेलं म्हण.”

काकांनी बशीकडे पाहिलं. धागा अजून चढत होता.

“मेलं,” ते म्हणाले.

तिकडे ती हसली. हसता हसता नाक ओढल्याचा आवाज आला.

“थापाड्या,” ती म्हणाली.

फोन कुणीच ठेवला नाही. काकांनी तो तसाच बशीशेजारी आडवा ठेवला, म्हणजे तिला पंप ऐकू येईल. थोड्या वेळानं तिकडून शिवणाच्या मशीनचा आवाज येऊ लागला.